उलट्या कोटाचा शनिवार

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारण्याआधी माझ्या कुर्त्याची कड उलटी करून पाहिली.

हुबळीत कमरीपेठेत, पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर, शाळेचे गणवेश शिवायचा त्यांचा कारखाना होता. मी नोकरीसाठी भेटायला गेले होते. फाइल छातीशी धरून दारात उभी होते. साडीवर खाकी कोट घातलेल्या एक ठेंगण्या बाई मशिनांच्या रांगेतून चालत आल्या, वाकल्या, आणि चिमटीत माझा कुर्ता धरून त्यांनी कड वर वळवली. मी एक पाऊल मागे झाले. परक्या माणसानं हात लावलेला मला अजूनही आवडत नाही.

"रेडिमेड," त्या म्हणाल्या. "वरून छान आहे. आत बघितलीयस कधी?"

"नाही."

"बघत जा की. वरून सगळेच छान असतात."

मग त्यांनी माझी फाइल घेतली, न उघडता कॉलरच्या ढिगावर दाब म्हणून ठेवली आणि सोमवारपासून यायला सांगितलं. ती फाइल मी नोकरी सोडेपर्यंत तिथंच होती. कॉलरी तिच्याखाली चांगल्या बसतात, असं त्यांचं मत होतं.

सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले कटिंग मास्तरही अक्काच म्हणत. त्या मूळच्या धारवाडच्या, वकिलांच्या घरातल्या. घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि कारखान्यात समोर जो असेल त्याची भाषा. वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवलेलं त्यांना स्वतःला कळत नसे. मी हुबळीतच, इथल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजूला लहानाची मोठी झाले, इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरापुरती आणि कन्नड रिक्षावाल्यापुरती. पहिले काही महिने मी फार बोलत नव्हते, आणि त्याचं कारण भाषा आहे असं सगळ्यांना वाटू दिलं होतं. अक्कांना तसं वाटत नसावं. पण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

माझं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं. समोर कॉम्प्युटर, त्यामागे चुना. ऑर्डरी, साइझ, कापडाची आवक, शाळांना उत्तरं, एवढं माझं काम. पाठीमागे कारखाना चालू असे आणि मी माणसांना आवाजावरून ओळखायला शिकले. मशिनीवर कोण बसलंय हे पायडलच्या लयीवरून कळायचं. मला ते सोयीचं होतं. पाठ असली की कुणी बोलायला येत नाही.

अक्कांच्या सवयी मात्र पाठीमागूनही कळत. त्या चिडल्या की त्यांची भाषा अदबशीर होत जायची. रोज "ए, इकडं ये की" म्हणणाऱ्या बाई एकदम "आपण जरा इकडे येता का?" म्हणाल्या की सगळी मशिनं हळू व्हायची. एकदा "आपली फार कृपा होईल" हे शब्द ऐकून काज-बटणं करणाऱ्या मुलीच्या हातून डबी सांडली होती. लोकांच्या डब्यात डोकावून भाजीवर शेरा मारायची त्यांना खोड होती. कौतुक करायची नव्हती. काम चांगलं झालं की त्या नुसतं "हं" म्हणायच्या, आणि त्या "हं"ची लांबी किती होती यावर जेवताना चर्चा व्हायची. कुणी रडायला लागलं तर त्या जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या.

कुठलाही शर्ट त्या सरळ बाजूनं तपासत नसत. आधी उलटा करायच्या. शिवणी, टाके, धागा, सगळं आतून. "उल्टा माड नोड," हे त्यांचं रोजचं वाक्य. उलटं करून बघ. शिकाऊ मुलींना त्या ते शर्टाबद्दल सांगत, आणि त्याच आवाजात इतर गोष्टींबद्दलही सांगत.

खालचा डबेवाला अक्कांशी भांडायला येई, ते मी आल्यावर पहिल्याच महिन्यात पाहिलं. वर मशिनं सुरू झाली की त्याचं छत थरथरतं, डोकं उठतं, ही त्याची तक्रार. आमच्या बायकांचं म्हणणं, दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या माणसानं डोकं उठल्याची गोष्ट करू नये. अक्कांनी दोघांनाही काही उत्तर दिलं नाही. एके दिवशी दुपारी त्या खाली गेल्या आणि त्याच्या दुकानात एका उलट्या डब्यावर डोळे मिटून बसून राहिल्या. तो ठोकत राहिला, वर मशिनं चालत राहिली. चहाच्या वेळेला त्या वर आल्या.

"ठोकणं त्याचं स्वतःचं आहे, ते त्याला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "आपलं त्याला येतं. आपल्यालाही आपलं येत नाही."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मशिनीच्या पायाखाली जुन्या टायरचे तुकडे आले. डबेवाला पुन्हा आला नाही. पुढं कधीतरी वीज गेली आणि वरचा आवाज थांबला, तेव्हा तोच जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडला, "अक्का, काय झालं? सगळं ठीक ना?"

हल्ली मी बेंगळुरूला ज्या ऑफिसात काम करते, तिथं वर्षातून एकदा आम्हाला एका हॉटेलात नेतात. एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवून सांगतात, की कामाच्या जागी अडचण आली तर प्रमुखानं आपली बघायची जागा बदलावी. सगळे लिहून घेतात. मीही लिहून घेते. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर उलट्या डब्यावर डोळे मिटून बसलेली एक म्हातारी बाई असते, आणि मग त्या खाकी कोटाचे खिसे.

त्या कोटाबद्दल सांगायला हवं. शाळेच्या चड्ड्यांना लागतं त्याच जाड कापडाचा तो होता. शनिवारी जेवणं झाली की अक्का तो काढायच्या, उलटा करायच्या आणि परत घालायच्या. खिसे बाहेर येऊन हत्तीच्या कानांसारखे लोंबायचे. त्यांतून खडूचे तुकडे, लवंगा, तुटलेली बटणं पडत राहायची. कोट उलटा झाला की अक्का मालकीण नाहीत, हा नियम. त्या सतरंजीवर बसून तयार शर्टांचे लोंबते धागे तोडायच्या. सगळ्यांत कमी पगाराचं ते काम. आणि त्यांच्या खुर्चीत, चहा येईपर्यंत, त्या सांगतील तो माणूस बसायचा. त्या वेळात जे निर्णय येतील ते त्यानं द्यायचे, आणि ते सोमवारी बदलायचे नाहीत. अक्कांना काय बोलायचं ते बोलून घ्यायचं. त्या आठवड्यात ज्याची कुरकूर जास्त, त्याचा नंबर लागे.

एकदा इस्त्रीवाल्याला बसवलं. त्यानं बसल्या बसल्या सोमवारची सुट्टी जाहीर केली. अक्का धागे तोडत "हं" म्हणाल्या, आणि सोमवारी कारखाना बंद राहिला. त्यांचे थोरले भाऊ धारवाडला वकील. कारखान्याची जागा दोघांच्या नावावर. त्यांना हे कळलं तेव्हा फोनवरचा त्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. "हा काय नाटकाचा तंबू आहे का?" अक्का म्हणाल्या, "अण्णा, मंगळवारी त्यानं दोन्ही दिवसांचं काम उरकलं. खुर्चीत बसल्यावर त्याला ढीग दिसला. त्याच्या जागेवरून नुसती इस्त्री दिसते."

मी शनिवारी दुपारी कारखान्यात नसेन याची काळजी घेत असे. दाजीबानपेठेत बटणं बघायची आहेत, अस्तराचा रंग जुळवायचा आहे, असं काहीतरी निघायचं. चारचौघांसमोर त्या खुर्चीत बसणं मला नको होतं. अक्का मला जाऊ देत. फक्त मी जिना उतरायला लागले की पाठीमागून म्हणत, "बटणं खूप आवडतात हिला."

मग ती उन्हाळ्याची गर्दी आली. शाळा उघडायच्या आधीचे ते आठवडे म्हणजे आमचं वर्ष. मुलांना घेऊन आया मापं द्यायला यायच्या, जिन्यात रांग लागायची. पूर्वी मास्तरच माप घेत आणि मास्तरच कापत. पण आया त्यांना प्रश्न विचारून हैराण करतात, कापणं मागं पडतं, म्हणून त्या वर्षी अक्कांनी कामाची वाटणी केली. माप घ्यायला काज-बटणवाल्या गिरिजक्काला उभं केलं, आणि तिच्या व मास्तरांच्या मध्ये प्लायवूडची एक भिंत घातली. भिंतीच्या अलीकडून गिरिजक्का आकडा ओरडून सांगायची, पलीकडे मास्तर खडूनं कापडावर मारायचे. काम झपाट्यानं होऊ लागलं. अक्का त्या भिंतीवर थाप मारून "हं" म्हणाल्या. चांगला लांब "हं" होता तो.

पहिला गठ्ठा एका शाळेत गेला आणि तसाच परत आला. मुलं शर्टात बुडत होती. शाळेच्या बाईंनी फोनवर मला सांगितलं, "प्रार्थनेला उभी राहिली तर वडिलांचे शर्ट घालून आल्यासारखी दिसतील. बाकीचे नीट येणार असतील तर बोला, नाहीतर आम्ही दुसरीकडे देतो. सोमवारी सांगा."

कारखान्यात बोट मास्तरांकडे वळलं. मास्तर म्हणजे उंच, वाकलेले, गळ्यात दोरीनं बांधलेला चष्मा. अक्कांच्या यजमानांच्या वेळेपासूनचे. मला ते 'तंगेव्वा' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण, आणि सकाळी येताना माझ्या टेबलावर खडूनं एक फुली मारून जात. ती त्यांची 'आलो' अशी खूण होती. शर्ट परत आले त्या दिवसापासून फुली थांबली. त्यांनी टेप गळ्यातून काढून खिशात ठेवला होता. गिरिजक्का म्हणायची, "मी माप बरोबर सांगते. पलीकडं काय होतं ते मला काय ठाऊक?" मास्तर म्हणायचे, "मला सांगतात ते मी कापतो." शिलाईवाल्या पोरी कुजबुजत, "डोळे गेलेत त्यांचे." हे त्यांना ऐकू जात होतं. भिंत पातळ होती.

त्या शनिवारी मी पर्स उचलली तर अक्का म्हणाल्या, "बटणं कालच आलीत."

मी उभी राहिले.

"बस की," त्या म्हणाल्या, आणि कोट उलटा करून घालू लागल्या.

ती लाकडी खुर्ची खोलीच्या टोकाला, एका फळीवर, जराशी उंच होती. मी कधी तिच्याजवळही उभी राहिले नव्हते. आणि खरं तर अक्काही तिच्यात कधी बसत नसत. त्या दिवसभर फिरत असत. मी बसले. हात कुठं ठेवावेत कळेना. पहिल्यांदाच मला आवाजांची तोंडं दिसली. आणि दिसलं, की मी प्लायवूडच्या भिंतीच्या अगदी कडेच्या समोर बसले आहे. भिंतीच्या दोन्ही बाजू मला एकाच वेळी दिसत होत्या.

"मालकीणबाई, चहाबरोबर काय मागवायचं?" सतरंजीवरून अक्कांनी विचारलं. त्या वेळात त्या खुर्चीतल्या माणसाला अहो-जाहो करत.

"गिरमिट?" मी म्हणाले. हुबळीचं ते चुरमुऱ्यांचं खाणं, दुसरं काही सुचलं नाही.

"विचारता काय? सांगा."

पोरी हसल्या. तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन माप द्यायला आल्या आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून हटल्या, म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"जरा मोठंच घ्या हं," ती आई म्हणाली. "वर्षभर चालायला पाहिजे."

"काळजी नको," गिरिजक्का म्हणाली. तिनं टेप मुलीच्या छातीभोवती घेतला, आणि मुलीच्या पाठीमागे टेपच्या आत आपली दोन बोटं सरकवली. मग बोटांसकट आकडा ओरडून सांगितला. भिंतीच्या पलीकडे मास्तरांनी आकड्याच्या जागी खूण केली. मग मान लांब करून, भिंतीच्या वरून, त्या मुलीच्या डोक्याचा फक्त शेंडा दिसत होता तो पाहिला. स्वतःशीच म्हणाले, "कूसु बेळीतैति." पोर वाढतंय. आणि खडू अंगठ्याएवढा बाहेर सरकवून त्यांनी रेघ मारली.

मी ते पाहिलं आणि मला काही क्षण त्याचा अर्थच लागला नाही. मग लागला. आणि नेमक्या त्याच वेळी जिन्यात बुटांचा आवाज आला आणि अक्कांचे भाऊ, वकीलसाहेब, आत आले.

"कुठं आहे ती? हां, बसलीस का पुन्हा खाली?" ते अक्कांना म्हणाले. "ऐक. मी शाळेच्या लोकांशी बोललोय. पुढची कापणी आपण बाहेरून, मशिनीवर करून घेऊ. मास्तरांना आता थांबवायचं. आज सांगून टाक."

अक्कांनी एक धागा तोडला. "मालकीणबाई तिथं बसल्यात."

"कोण? ही? ही तर पत्रं लिहिणारी मुलगी."

"आज ती खुर्चीत आहे."

"मी हिच्याशी बोलू?"

"नको असेल तर सोमवारी ये की."

"सोमवारी शाळेला उत्तर द्यायचंय!" ते म्हणाले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. बसायला फक्त आयांसाठी ठेवलेलं बुटकं स्टूल होतं. ते त्यावर बसले. गुडघे छातीपर्यंत आले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. माझ्या तोंडून जे निघेल ते सोमवारी बदलणार नव्हतं. मास्तर कात्री खाली ठेवून भिंतीच्या पलीकडे उभे होते. त्या वयात त्यांना दुसऱ्या कुठल्या टेबलाशी कुणी उभं केलं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. हातातला खडू बघत होते.

"हं, तर मालकीणबाई," वकीलसाहेब म्हणाले. "माझं त्यांच्याशी वैर नाही. माझ्या पोरांनी त्यांनी कापलेले गणवेश घातलेत. पण त्यांना दिसत नाही आता. शर्ट मोठे झाले ते खोटं आहे का?"

"खरं आहे," मी म्हणाले.

"माप बरोबर, कापणी चूक. मग त्यांना ठेवून शाळा घालवायची का?"

मी आधी इंग्रजीत वाक्य जुळवलं, मग मराठीत. दोन्ही नीट झालं नाही. "कापणी... त्यांना दिसतं. म्हणजे त्यांनी मुद्दाम मोठं कापलं. आत्ता. मी पाहिलं."

"मुद्दाम?" वकीलसाहेब पुढं वाकले. मास्तरांनी मान वर केली.

"मुलगी वाढेल म्हणून. पण गिरिजक्कानं आधीच वाढवलं होतं. बोटं घालून. ती आई म्हणाली म्हणून."

"तू स्वतः पाहिलंस?"

"हो."

"कुठून?"

"इथून. इथून दोघं दिसतात. त्यांना एकमेकांचं दिसत नाही."

मशिनं कधी थांबली ते मला कळलं नव्हतं. गिरिजक्का आपल्या दोन बोटांकडे बघत होती. "यवा," ती म्हणाली, "मी तर प्रत्येकालाच घालते. आई आहे की मी पण."

"मी पण प्रत्येकालाच," पलीकडून मास्तर म्हणाले. "कायमच. ती पण घालते हे मला कोण सांगणार?"

वकीलसाहेबांनी एक बोट वर केलं. कोर्टात करत असावेत तसं. "म्हणजे कापणी चूक नाही. माप चूक नाही. शर्ट मात्र चूक. मालकीणबाई, मग चूक कुणाची?"

मला उत्तर माहीत होतं. प्लायवूड अजून नवा होता, त्याला वास येत होता. मी अक्कांकडे पाहिलं. त्या मान खाली घालून धागे शोधत होत्या. कोटाचे खिसे त्यांच्या मांडीवर लोंबत होते, रिकामे. कोट उलटा होता.

"अक्कांची," मी म्हणाले. "पूर्वी मास्तर माप घ्यायचे आणि तेच कापायचे. वाढ एकदाच व्हायची. या वर्षी ही भिंत घातली."

अक्कांनी शर्ट खाली ठेवला. मला वाटलं, आता त्या 'आपण' म्हणतील.

"हं," त्या म्हणाल्या. तो 'हं' किती लांब होता ते मी सांगू शकणार नाही. माझे कान वाजत होते. मग त्या म्हणाल्या, "मग मालकीणबाई, आता काय करायचं?"

"मास्तर राहणार," मी म्हणाले. हे एकच वाक्य मी न जुळवता बोलले.

"आणि वाढ?" मास्तरांनी विचारलं. "पोरं वाढणारच. आयांना काय सांगू?"

"मी बोलू का?" सतरंजीवरून अक्का म्हणाल्या, आणि मी मान हलवेपर्यंत थांबल्या. "शर्ट अंगाबरोबर शिवा. वाढ आत ठेवा. शिवणीत, दुमडीत. पोर वाढलं की आई उसवून घेईल." शिवणीच्या आत असं कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. "पण ती एकानंच ठेवायची. कोण ठेवणार, तुम्ही सांगा."

गिरिजक्कानं टेप माझ्यासमोर धरला. मी मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर ठेवतील."

वकीलसाहेब स्टुलावरून उठायला लागले, पण त्यांना एकट्याला उठता येईना. अक्कांनी हात दिला. "नाटक तर नाटक," ते आपला कोट झटकत म्हणाले, "गिरमिट मागवलंय म्हणे. मलाही सांगा."

चहा झाल्यावर अक्कांनी कोट सरळ केला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ती भिंत स्वतः उतरवली. सोमवारी शाळेच्या बाईंना फोनही त्यांनीच केला. "आपल्याला त्रास झाला, चूक माझी," एवढंच म्हणाल्या, आणि त्या अदबशीर बोलत होत्या त्यावरून त्या कुणावर चिडल्या आहेत ते मला कळलं. परत आलेले शर्ट सगळ्यांनी मिळून उसवले. शाळा राहिली. भिंतीच्या प्लायवूडचं मग इस्त्रीचं टेबल झालं.

अक्का मला त्याबद्दल पुढं कधी काही बोलल्या नाहीत. फक्त त्या आठवड्यात माझं टेबल कुणीतरी फिरवून ठेवलं होतं. चुन्याची भिंत पाठीमागे गेली, कारखाना समोर आला. मला ते सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. लोक येताजाता बोलायला लागले.

मास्तर मात्र बोलेनासे झाले. त्यांची नोकरी राहिली, पण त्यांनी इतकी वर्षं प्रेमानं सोडलेली अंगठ्याएवढी जागा चारचौघांत चूक म्हणून मोजली गेली होती, आणि मोजणारी मी होते. ते मला 'मालकीणबाई' म्हणू लागले. कोट सरळ असतानाही. टेबलावर फुली आली नाही. मी कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत काहीतरी विचारायचा प्रयत्न करायचे. ते कात्री चालवत म्हणायचे, "होगली बिड्री, मालकीणबाई." जाऊ द्या. त्यातला तो आदर मला टोचत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यानंतर मला बेंगळुरूची नोकरी मिळाली. शेवटच्या आठवड्यात गिरिजक्कानं मला हात धरून उभं केलं आणि माझं माप घेतलं. मी मागं सरकले नाही. तिनं बोटं घातली नाहीत, नुसता आकडा सांगितला. आता भिंत नव्हती, तरी ती सवयीनं ओरडूनच सांगत असे.

निघायच्या दिवशी अक्कांनी माझी फाइल कॉलरींवरून काढून दिली. तिच्यावर एक निळा कुर्ता घडी करून ठेवला होता. मी तो उघडायला लागले तर त्यांनी माझ्या हातून घेतला, चिमटीत कड धरली आणि वर वळवली. पहिल्या दिवशी वळवली होती तशीच. आत रुंद दुमड होती. बाजूच्या शिवणींतही कापड राखलेलं होतं, इतकं, की मोठ्या माणसाच्या कपड्यात कुणी ठेवत नाही.

"एवढी कशाला?" मी म्हणाले. "माझी उंची आता काही वाढणार नाही."

अक्का "हं" म्हणाल्या आणि जिन्याकडे निघून गेल्या.

मास्तर कटिंग टेबलावर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली नाही. चष्मा नाकावर नीट केला, खडू उचलला, माझ्या टेबलाजवळ येऊन त्याच्या कोपऱ्यावर एक फुली मारली आणि परत जाता जाता म्हणाले,

"असू दे तंगेव्वा. कूसु बेळीतैति."